हद्दीचं कलम

१७ डिसेंबर १८०३. गाविलगड पडून जेमतेम दोन दिवस झाले होते. अडगावची लढाई नोव्हेंबरच्या अखेरीलाच हरलेली. अचलपूरच्या बाजूला देवगावच्या छावणीत आर्थर वेलस्ली आणि सेनासाहेब सुभा रघूजी भोसले यांचे वकील यशवंतराव रामचंद्र समोरासमोर बसले आणि तह झाला. त्यातलं कटक आणि बालासोर कंपनीला देऊन टाकणारं कलम इतिहासाच्या पुस्तकांत येतं, कारण तेवढ्यानं कंपनीचा बंगाल मद्रासला किनाऱ्याकिनाऱ्यानं जोडला गेला. मला मात्र त्याच्या शेजारचं कलम अधिक रुचतं. आशय एवढाच: भोसल्यांच्या मुलखाची निजामाकडची, म्हणजे पश्चिमेची हद्द वर्धा नदी, ती डोंगरातून निघते तिथपासून गोदावरीला मिळते तिथपर्यंत.

चांगली बंदिश कानावरून जावी तसं हे वाक्य पहिल्यांदा नुसतं जातं, आणि मग आपण त्यात अडकतो. विदर्भाबद्दल लिहिल्या गेलेल्या कुठल्याही वाक्याचा परिणाम इतका टिकला नसेल. भोसले गेले, निजाम गेला, कंपनी गेली, मध्यप्रांत गेला, मुंबई राज्य गेलं. पण हे वाक्य अजून चालू आहे. आणि हिंगणघाटच्या माणसाला ते वाचायला दप्तरखान्यात जावं लागत नाही. चव्वेचाळीस नंबरच्या महामार्गानं दक्षिणेला निघायचं, वडनेर मागं टाकायचं, पोहण्याजवळ पुलावर यायचं. पुलाच्या अलीकडे वर्धा जिल्हा, पलीकडे राळेगाव तालुका, यवतमाळ जिल्हा. एके काळी अलीकडे एक राज्य होतं आणि पलीकडे दुसरं. गाडीला पूल ओलांडायला मिनिटही लागत नाही, म्हणून बहुतेकांना आपण काय ओलांडलं ते कळत नाही.

आधी या कलमाची कारागिरी बघू. वेलस्लीजवळ वऱ्हाडचा मोजून काढलेला नकाशा नव्हता. तसा तो तेव्हा कुणाजवळच नव्हता. परगण्यांच्या याद्या होत्या, हरकाऱ्यांच्या बातम्या होत्या, आणि कमालीचा गुंतलेला वसुलीचा व्यवहार होता. वऱ्हाडातल्या कित्येक महालांचा वसूल भोसले आणि निजाम वाटून घेत. एकाच गावचं पीक दोन धन्यांच्या वहीत. अशा मुलखात गावोगाव फिरून हद्द आखायची तर वर्षं गेली असती, आणि सैन्य बसवून ठेवायला पैसा लागतो. वेलस्लीनं तो सगळा गुंता सोडवला नाही. त्याच्यावरून एक नदी वाहवली. पश्चिमेकडचं सगळं सोडा, पूर्वेकडचं तुमचं. खांब नकोत, मोजणीदार नकोत, साक्षीदार नकोत. कुठल्याही पाटलाला रात्री उठवून विचारा, तुझं गाव नदीच्या कुठल्या अंगाला. तो डोळे न चोळता सांगेल. शब्दांची काटकसर म्हणतात ती ही.

पण या काटकसरीत एक निष्ठुरपणाही आहे आणि तो नजरेआड करता येत नाही. नदी दोन काठांना वेगळं करते हे सेनापतीचं मत झालं. काठावरच्या माणसाच्या लेखी नदी हीच मधली जागा असते. कौंडिण्यपूर बघा. रुक्मिणीचं माहेर म्हणून सांगितलं जाणारं हे गाव वर्धेच्या पश्चिम काठावर, आणि समोर पूर्वेला आर्वी तालुक्यातला देऊरवाडा. पुराणातल्या त्या नगरीच्या आठवणी दोन्ही काठ सांगतात. तहानं त्यातला एक काठ निजामाकडे गेला आणि दुसरा भोसल्यांकडे राहिला. सोयरिकी थांबल्या नाहीत, बाजार थांबले नाहीत. हिंगणघाटचा माणूस आजही पलीकडच्याला वऱ्हाडी म्हणतो, स्वतःला म्हणवून घेत नाही, आणि लेक मात्र खुशाल वऱ्हाडात देतो.

पोहण्याचा पूल ही काही प्रेक्षणीय जागा नव्हे. ट्रक अंगावरून जातात, पूल थरथरतो, थांबलेल्या माणसाकडे लोक संशयानं बघतात. पण पौष-माघात तिथून खाली उतरावं. काठाची दरड काळी, भेगाळलेली, आणि तिच्या कडेपर्यंत पऱ्हाटी आलेली असते. शेवटच्या वेच्याचा कापूस बोंडांत अडकलेला. खाली बेसॉल्टचे काळे खडक, त्यांच्या कुशीत साठलेली रेती, आणि मध्ये पाण्याची वाहती पट्टी. पावसाळ्यात काठ भरून वाहणारी हीच नदी हिवाळा सरता सरता एका अंगाला सरकून बसते. कधी पूर्वेच्या दरडीला घासून, कधी पश्चिमेच्या. उरलेलं पात्र कोरडं. गाळ पडला असेल तिथं गाळपेर, रेती असेल तिथं टरबुजाच्या आणि डांगराच्या वाड्या. वाडीवाल्याला विचारलं की ही जागा वर्धा जिल्ह्यात का यवतमाळात, तर तो पाण्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, ‘पानी कुठून चाललं त्याच्यावर हाये न भाऊ.’

नेमकं हेच कलम सांगत नाही. हद्द ‘नदी’ आहे, पण नदी म्हणजे काय? अलीकडचा काठ, पलीकडचा काठ, पात्राचा मध्य, की वाहत्या पाण्याचा मध्य? बेटं कुणाची? डोंग्याचा उतार कुणी घ्यायचा? पुरानं दरड खाल्ली आणि समोर गाळ टाकला तर ती जमीन कुणाच्या खात्याला? काव्यात न सांगितलेल्या गोष्टीला आपण ध्वनी म्हणतो. तहात तिला भांडण म्हणतात. युरोपातल्या करारांत पुढे खोल धारेचा मध्य ही व्याख्या रुळली. देवगावच्या छावणीत तिची कुणाला पडली नव्हती. नदीची रुंदी एवढी ढिलाई तिथं चालून गेली, कारण तेव्हा रेतीला किंमत नव्हती. आज रेतीघाटाचे लिलाव होतात, आणि पात्राच्या मधल्या ढिगाला कुठल्या तहसिलाची रॉयल्टी लागायची यावर दोन जिल्ह्यांचे तलाठी एकमेकांचे कागद तपासत बसतात.

खरी गंमत कलमाच्या शेपटात आहे. वर्धा गोदावरीला मिळते तिथपर्यंत, असं ते म्हणतं. वर्धा गोदावरीला मिळत नाही. ती सातपुड्यात मुलताईच्या पठारावर उगम पावते, पुलगाव, पोहणा करत खाली येते, घुग्घूसजवळ वढा इथं पैनगंगेला पोटात घेते, आणि गडचिरोलीच्या कडेला चपराळ्याजवळ वैनगंगेशी तिची गाठ पडते. तिथून पुढे दोघींचं नाव प्राणहिता. सिरोंचाशी गोदावरीला जी भेटते ती प्राणहिता. म्हणजे शंभर किलोमीटरहून लांबीचा नदीचा एक अख्खा तुकडा तहाच्या वाक्यातून गळून गेला आहे, आणि तरी वाक्य तिथं काम करतं. कसं? कारण ‘मिळते तिथपर्यंत’ या शब्दांनी वाचणाऱ्याला पाण्याच्या मागं मागं चालायला लावलं आहे. नाव बदललं तरी पाणी तुटत नाही. वर्धेचा हात धरून निघालेला माणूस चपराळ्याला न अडखळता प्राणहितेत शिरतो आणि सिरोंचाला पोचतो. चूक आहे, पण वाहती चूक आहे. तिनं कुणाला अडवलं नाही.

सगळ्या नद्या इतक्या उदार नसतात. या तहानंतर बाराच वर्षांनी कंपनीनं नेपाळशी सुगौलीचा तह केला, आणि तिथंही पश्चिमेची हद्द एका नदीवर सोपवली: काली. कालीचा उगम नक्की कुठला, कुठल्या ओहोळाला मूळ काली म्हणायचं, यावरून कालापानी आणि लिपुलेखचा वाद अजून धुमसतो. २०२० साली नेपाळनं तो भाग आपल्या नकाशात घातला तेव्हा आपल्याकडेही वर्तमानपत्रं तापली होती. नदी मुखाकडे जाताना एक होत जाते आणि उगमाकडे जाताना फुटत जाते. तहाचा मसुदा करणाऱ्यानं शेवट चुकवला तर चालतं. सुरुवात चुकवली तर पिढ्या भांडतात. वर्धेचं नशीब थोर की तिच्या उगमाशी भांडण्यासारखं काही नव्हतं.

याच जातीचं तिसरं उदाहरण अमेरिकेतलं आहे आणि ते मला थेट हिंगणघाटला परत आणतं. १७८३च्या पॅरिसच्या तहानं अमेरिका आणि ब्रिटिश मुलूख यांच्यातली सरहद्द एका ठिकाणी सेंट क्रॉय नदीवर आणि तिच्या उगमावर टेकवली. तह झाल्यावर प्रश्न निघाला की सेंट क्रॉय म्हणजे यातली कुठली नदी? दावेदार एकाहून जास्त. ते ठरायला १७९८ उजाडलं. याच सरहद्दीवरच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात त्या काळात तेहतिसाव्या पायदळ पलटणीतला एक अबोल अधिकारी जमिनी मोजत होता, आणि सरहद्द आखायच्या कामावरही त्याला लावलं होतं. सूर्यग्रहण पाहताना त्याचा एक डोळा गेला. त्याचं नाव विल्यम लॅम्बटन. त्याची कबर हिंगणघाटात आहे.

हिंगणघाटचा उल्लेख झाला की लोकांना कापूस आठवतो, मोहता मिल आठवते, वेणेवरचा पूल आठवतो. लॅम्बटन फार थोड्यांना आठवतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ज्या शिखराला त्याच्या मदतनिसाचं नाव मिळालं ते जगभर पाठ आहे. जॉर्ज एव्हरेस्ट हा लॅम्बटनचा साहाय्यक, आणि पुढे त्याचा वारस.

लॅम्बटन हिंदुस्थानात आला तो त्याच तेहतिसाव्या पलटणीबरोबर, आणि त्या पलटणीचा कर्नल होता आर्थर वेलस्ली. वर्धेची हद्द लिहून घेणारा तोच. १७९९च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत जनरल बेअर्डची तुकडी रात्री वाट चुकून टिपूच्याच गोटाकडे निघाली होती. तारे पाहून लॅम्बटननं सांगितलं की आपण उलट दिशेला चाललो आहोत. युद्ध संपल्यावर या माणसानं सरकारकडे एक विचित्र प्रस्ताव दिला: त्रिकोणांची साखळी टाकत सगळा दक्षिण हिंदुस्थान मोजायचा, आणि ते करता करता पृथ्वीचा आकारही तपासायचा. वेलस्लीनं त्याची शिफारस केली. १० एप्रिल १८०२ला मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी साडेसात मैलांची पहिली आधाररेषा मोजायला सुरुवात झाली. त्यासाठी वापरलेली शंभर फुटी पोलादी साखळी मुळात चीनच्या बादशहाला नजर करायला नेली होती. बादशहानं तिला किंमत दिली नाही, म्हणून ती हिंदुस्थानात आली. लाकडी पेट्यांत ताणून, शेजारी तापमापक ठेवून, उन्हानं पोलाद किती वाढलं याचा हिशेब करत ती पुढे सरकवली जाई.

इथं थांबून दोन्ही कामं शेजारी ठेवावीशी वाटतात. एकाच पलटणीतली दोन माणसं, जवळपास एकाच वेळी, याच दख्खनवर एकेक रेघ ओढत होती. वेलस्लीची रेघ दोन दिवसांत झाली आणि तिला मोजमाप लागलं नाही. लॅम्बटनची रेघ वीस वर्षं चालली आणि तिला मोजमापाशिवाय दुसरं काहीच नव्हतं. वेलस्लीच्या रेघेनं राज्य दुभंगलं. लॅम्बटनची रेघ, कन्याकुमारीजवळून ७८व्या रेखावृत्ताच्या आसपास उत्तरेला निघालेली, त्रावणकोर, म्हैसूर, निजाम अशा मुलखांतून गेली आणि वाटेतल्या एकाही हद्दीची तिनं दखल घेतली नाही. तिला हद्दी दिसतच नव्हत्या; दिसत होते ते डोंगरमाथे, गोपुरं, किल्ल्यांचे बुरूज आणि त्यांच्यामधले कोन.

कोन घ्यायचं यंत्र होतं थिओडोलाइट: लंडनला विल्यम केरीनं बनवलेलं, वजन अर्धा टन. ते जहाजावरून येताना फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेलं, आणि हे शास्त्राचं यंत्र आहे हे कळल्यावर तिथल्या गव्हर्नरानं सन्मानानं पाठवून दिलं. तिकडे लढाई चालू असताना. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळाच्या शिखरावर ते चढवताना दोर निसटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. धक्क्यानं मुख्य वर्तुळ वाकलं. लॅम्बटननं तंबूत कोंडून घेतलं, आणि दीड महिना एकेक पाचर ठोकत, एकेक स्क्रू ओढत ते वर्तुळ पुन्हा गोल केलं. ज्या वर्तुळाच्या केसभर चुकीनं मैलाचा घोटाळा व्हावा, ते हातोडीनं सरळ करून त्यावर पुढची मोजणी चालवायची, याला धीर म्हणायचा की वेड, मला ठरवता येत नाही. दोन्ही असावं. त्याच्या हयातीत सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैल मुलूख त्रिकोणांनी विणून झाला, आणि कन्याकुमारीपासून बीदरच्या बाजूपर्यंतचा जवळजवळ दहा अंशांचा कंस पुरा झाला.

१८२३च्या जानेवारीत तो हैदराबादहून नागपूरला निघाला. मोजणीचं मुख्य ठाणं हलवायचं होतं. वय सत्तरीच्या घरात, छातीत खोकला. वाटेत निजामाचा मुलूख संपला, त्याच्या जुन्या कर्नलानं आखलेली वर्धा त्यानं ओलांडली, भोसल्यांच्या राज्यात आला, आणि हिंगणघाटला २० जानेवारीला मेला. आपल्या रेघेवर त्याला मरण आलं नाही. ती रेषा पश्चिमेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, अमरावतीच्या जवळून जाते. आज त्याच्या कबरीच्या गावावरून जो महामार्ग जातो तो मात्र थेट कन्याकुमारीला संपतो, त्याचा कंस जिथून सुरू झाला त्याच टोकाला. हा योगायोग रस्ते खात्याचा, आणि मला तो फुकट मिळालेला.

लॅम्बटननं ओलांडली तेव्हा ती हद्द ताजी होती, हे सांगायला हवं. कारण देवगावच्या कलमानं स्वतःचाच नियम मोडला होता. नदीच्या पश्चिमेचं सगळं सोडायचं असं एकदा म्हणून झाल्यावर लगेच अपवाद येतो: नरनाळा आणि गाविलगड हे किल्ले ज्या डोंगरांवर आहेत ते भोसल्यांकडेच राहतील. का? पडलेला किल्ला परत देऊन हरलेल्याची लाज राखायची, की डोंगरातल्या वाटा सांभाळायचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं? दोन्ही शक्य आहे. मग पुढचा प्रश्न: नुसत्या डोंगरावर किल्ल्याची शिबंदी काय खाणार? म्हणून आणखी एक सवलत: किल्ल्यांच्या दक्षिणेला लागून असलेले चार लाखांच्या उत्पन्नाचे परगणे भोसल्यांना. झालं, सुबक रेघ बिघडली. मेळघाटातून भोसल्यांच्या राज्याची एक जीभ खाली वऱ्हाडच्या सपाटीत उतरली, आणि तिच्या दोन्ही अंगांना निजाम. कारण कंपनीनं मिळालेलं वऱ्हाड १८०४ सालीच निजामाच्या झोळीत टाकलं होतं. उलट बाजूला, वर्धेच्या पूर्वेलाही पेशव्यांकडचे काही परगणे राहून गेले होते.

रसिकाला खरं म्हणजे हे अपवादच आवडतात. सरळ नियम कुणीही लिहील. तो लिहिणाऱ्याला कुठं कसर वाटली, कुणाचा मान राखावा लागला, कुणाची भूक आड आली, हे अपवादांत उमटतं. चार लाख हा आकडा पाहा. गावांची नावं आधी नाहीत, आकडा आधी. आधी उत्पन्न ठरलं, मग त्या मापाची जमीन शोधली. भूगोल असा मागाहून येतो.

ही विसंगती टिकली नाही. सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांचं राज्य नावापुरतं उरलं, गाविलगड-नरनाळा आणि खालचे परगणे कंपनीकडे गेले, आणि १८२२च्या तहात ते निजामाला देऊन पूर्वेकडच्या परगण्यांशी अदलाबदल झाली. तेव्हा कुठं वर्धा ही उगमापासून खालपर्यंत खरोखरीची हद्द झाली. देवगावात लिहिलेलं वाक्य खरं व्हायला एकोणीस वर्षं लागली, आणि पुढच्याच जानेवारीत लॅम्बटन ते ओलांडून आला. त्या काळात नागपूरचा राजा लहान होता आणि कारभार रेसिडेंट जेन्किन्सच्या हातात; तेव्हा हद्द ओलांडताना त्याला कुणी अडवलं असण्याची शक्यता शून्य.

यानंतरचा भाग मला सर्वांत चविष्ट वाटतो, आणि तो शाळेत कुणी शिकवत नाही. १८५३ हे साल दोन्ही काठांना एकदमच लागलं. मे महिन्यात निजामानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीनं नागपूर खालसा केलं. दोन्ही काठ एकाच हाताखाली आले. हद्द संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण दोन्ही काठ मिळण्याची रीत वेगळी होती. पूर्वेचा काठ इंग्रजांचा झाला. पश्चिमेचा फक्त त्यांच्या ताब्यात आला, मालकी निजामाचीच. १९०२ साली कर्झननं वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं, वर्षाला पंचवीस लाख रुपये भाड्यावर, आणि १९०३पासून ते मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरच्या हाताखाली आलं. कारभार एक, पोलीस एक, शिरस्ता एक. तरी कायद्याच्या पुस्तकात वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थान नव्हतं. तिथं कायदे लागू करायचे ते परक्या मुलखावरच्या अधिकाराचा वापर म्हणून, स्वतंत्र हुकमानं. हिंगणघाटच्या कोर्टात जो कायदा आपोआप चालायचा, तोच वणीच्या कोर्टात पाहुणा म्हणून यायचा. शब्द तेच, कलमं तीच, मधे फक्त नदी.

१९३६ सालच्या करारानं यावर कळस चढवला. निजामाला हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम अशी पदवी, त्याच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’, वऱ्हाडात इंग्रजांच्या निशाणाबरोबर त्याचंही निशाण लावायची मुभा. त्याच साली गांधीजी वर्ध्याजवळ सेगावला राहायला आले, जे पुढे सेवाग्राम झालं. म्हणजे मुंबईहून गांधींना भेटायला येणारा प्रत्येक पुढारी बडनेरा, धामणगाव करत वर्धेवरच्या पुलावर यायचा, तोवर तांत्रिक अर्थानं निजामाच्या मालकीच्या मुलखातून प्रवास करत असायचा, आणि पुलगाव स्टेशनात ब्रिटिश हिंदुस्थानात शिरायचा. गाडीनं शिट्टी दिली असेल ती पुलासाठी. पासपोर्ट नव्हता, जकात नव्हती, डबा बदलावा लागत नव्हता. दोन सत्तांमधली सरहद्द इतकी अदृश्य, आणि कागदावर इतकी शाबूत, अशी मला दुसरी माहीत नाही.

खालच्या टोकाला मात्र ती अदृश्य नव्हती. वढ्याला पैनगंगा मिळाल्यानंतर वर्धेचा पश्चिम काठ वऱ्हाडाचा राहत नाही. तिथं थेट हैदराबाद संस्थान लागायचं. बल्लारपूरहून पलीकडे राजुऱ्याला जाणारा १९४८पर्यंत खरोखर दुसऱ्या राज्यात जायचा. राजुरा भाषावार फेररचनेत १९५६ साली इकडे आला आणि पुढे चांदा जिल्ह्याला जोडला गेला. त्याच्या डोंगराळ टोकाला, जिवती तालुक्यात, नदी नाही. आणि नदी नसली की काय होतं ते तिथं दिसतं. मुकदमगुडा, परमडोली, महाराजगुडा अशी चौदा गावं महाराष्ट्र आणि तेलंगणा दोन्ही आपली म्हणतात. लोकांकडे दोन रेशनकार्डं, दोन मतदानकार्डं. गावात दोन ग्रामपंचायती, दोन भाषांच्या शाळा. महाराजगुड्यात एक घर असं आहे की काही खोल्या या राज्यात आणि स्वयंपाकघर त्या राज्यात. टीव्हीवाले तिथं जाऊन हसतात. मला ते घर म्हणजे वेलस्लीच्या कलमावरचं उत्तम भाष्य वाटतं: पाण्याच्या रेघेत त्यानं जी ढिलाई ठेवली ती वाळूत जिरली, पण कोरड्या जमिनीवर तेवढीच ढिलाई ठेवली तर ती भिंतीतून जाते.

आणि कलमाचं शेपूट, ती विसरलेली प्राणहिता? तीच आज महाराष्ट्र-तेलंगणाची हद्द आहे; पूर्व काठ गडचिरोली, पश्चिम काठ तेलंगणा, अगदी १८०३ सालच्या आशयाबरहुकूम. तुम्मिडीहट्टीजवळ तिच्यावर बंधारा घालायचा ठरलं तेव्हा दोन्ही काठ दोन सरकारांचे असल्यानं दोघांना एकत्र बसणं भाग पडलं. तेलंगणाला पाण्याची पातळी १५२ मीटर हवी होती. महाराष्ट्राची शेतं आणि गावं बुडतात म्हणून आपला आग्रह १४८चा. २०१६ साली १४८वर सही झाली. हे मीटर समुद्रसपाटीपासूनचे, आणि तशी उंची देशभर मोजून ठेवण्याचं काम लॅम्बटनच्याच खात्यानं पुढे केलं. हद्द कुठली याबद्दल त्या बैठकीत कुणालाच शंका नव्हती. चार मीटरांवर मात्र बरीच वर्षं गेली.